एसीची वही: मे २०२४, नागपूर

मंडळी, मागच्या वेळी एसीला वेगळं मीटर लावल्याचं सांगितलं होतं. आता मे संपला आणि वहीत पूर्ण महिना भरला. नव्यांसाठी थोडक्यात: दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी, बेडरूम १२ बाय ११, वर थेट गच्ची, म्हणजे डोक्यावर तापलेला तवाच. एमसीबीच्या (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) डब्यात एसीच्या लाइनवर छोटं सिंगल फेज मीटर आहे. ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घेतलं, कारण त्याआधीचा स्मार्ट प्लग पंधरा दिवसांत पिवळा पडून वास मारायला लागला होता. छापलं होतं सोळा अँपिअर, बरं का.

या मीटरचा लाल दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. दोनदा लुकलुकण्यामधले सेकंद मोजायचे, २२५० ला त्यांनी भागायचं, की वॅट हातात. रात्री दहाला एसी लावला की दिवा दर दीड सेकंदाला, म्हणजे १५०० वॅट. पाऊण तासाने तोच दिवा पाच-सहा सेकंदांवर येतो. खोली गार झाली की इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो, त्याची सगळी गंमत या लांबत जाणाऱ्या सेकंदांत आहे. रिमोटने एसी बंद केल्यावरही एकदा घड्याळ लावून बसलो, तर तब्बल नऊ मिनिटांनी दिवा चमकला. चार वॅट! एसी लावलाच नाही तरी महिन्याची तीन युनिटं नुसती वाट बघण्यात जातात. पावसाळा लागला की एमसीबी खाली पाडणार.

५ ते १० मे. तीन रात्री २४ अंशांवर, तीन रात्री २६ वर, पंखा दोन्हीकडे सारखाच. आठ तासांची सरासरी अनुक्रमे ५.१ आणि ४.४ युनिटं. अंशामागे सहा टक्के वाचतात असं बीईई (स्टार लेबल देणारी केंद्र सरकारची संस्था) सांगते, त्याच्या आसपासच आलं. २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप २४ वर लागतात ते याच हिशेबाने. आमच्या घरी २६ आणि पंखा यावर तह झाला.

१७ मे. दिवा चार सेकंदांच्या पुढे सरकेना. बाहेरच्या युनिटची जाळी पाहिली तर समोरच्या बांधकामाची धूळ तिच्यावर गोधडीसारखी बसलेली. एमसीबी पाडून पाइपाच्या हलक्या धारेने धुतली. दुसऱ्या रात्री बाहेर तेवढाच उकाडा असून दिवा पावणेपाच सेकंदांवर गेला. ५६० चे ४७० वॅट झाले, खर्च शून्य. आतल्या फिल्टरची काळजी सगळे घेतात, बाहेरच्या जाळीला कुणी विचारत नाही.

२५ मे, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू. रात्रीचा आकडा साडेपाच युनिटांवर चढला. त्यात ३० तारखेला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर फोन वाजत राहिले. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपल्या या मोजामोजीच्या छंदातल्या माणसाने हे लक्षात ठेवावं: आकडा फार भारी वाटला की आधी मीटरवर संशय घ्यायचा.

लेबलवर वर्षाला १६०० तासांची ७६० युनिटं लिहिली आहेत, म्हणजे तासाला अर्ध्याला थोडं कमी. माझं महिनाभराचं ०.५५ आलं. नागपूरचा मे आणि वर गच्ची असताना हे मला बरंच वाटलं. दुपारी अजून कूलरच चालतो. कोरड्या हवेत दोनशे वॅटमध्ये जो गारवा तो देतो, त्याच्याशी एसीने स्पर्धा करू नये. पहिला पाऊस पडला की मात्र कूलरसमोर बसून चिकचिक नुसती.

आता पैशांचं. मे महिन्यात एसीची युनिटं १६८, बाकी घराची २१५, एकूण ३८३. परवा ऑफिसातल्या एकाने त्याचं बिल एकूण युनिटांनी भागून एसीचा खर्च काढला, आणि मी जेवण सोडून वही काढली. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. मे २०२४ मध्ये वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) मिळून युनिटामागे पहिल्या शंभरला ५.८८ रुपये, ३०० पर्यंत ११.४६, ५०० पर्यंत १५.७२ असा दर होता. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे मधलं युनिट सव्वातेराला पडायचं आणि तीनशेच्या पुढचं सव्वाअठराला. स्थिर आकार आणि इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारी रक्कम) मी बाजूला ठेवलंय.

सरासरीने धरलं तर युनिट १२.६७ ला पडतं आणि एसीचे २१२९ रुपये होतात. पण एसी नसता तर घर २१५ वर थांबलं असतं. त्यावरची ८५ युनिटं मधल्या दराने, उरलेली ८३ वरच्या दराने: एकूण २६४३. पाचशे रुपयांचा फरक.

आईला हे दाखवलं. ती म्हणाली, "अरे, महाग युनिटं सगळी एसीच्याच नावावर का? माझा फ्रीज चालतो, हॉलचा पंखा चालतो, त्यांची का नाहीत?"

मी म्हटलं, एसी बंद ठेवून काय वाचेल एवढंच मी मोजतोय. बोलता बोलता लक्षात आलं, की तिचा मुद्दा मला उलट्या बाजूने लागू पडतो. तीनशेच्या वर गेलेल्या घरात काहीही कमी करा, वाचणारं पहिलं युनिट सव्वाअठराचंच. हॉलचा जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला वीस तास चालतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसमध्ये भागतो. महिन्याला २८ युनिटं, म्हणजे ५१० रुपये. आणि २४ चं २६ करून, महिनाभर रात्री घामेजून, मी वाचवले त्याहून कमी: साधारण चारशे.

पंखा मागवलाय. जुन्याचं रीडिंग आठवडाभर घेऊन मगच बदलणार. मीटर तेच, फक्त लाइन बदलायची, आणि तेवढे दिवस एसी वहीबाहेर राहील.