शिजियाझुआंग : कोटणीसांच्या समाधीसाठी जा, झेंगदिंगसाठी थांबा

बीजिंग वेस्ट स्टेशनवरून दक्षिणेकडे जाणारी हायस्पीड गाडी साधारण सव्वा तासात शिजियाझुआंगला येते. डब्यातले परदेशी पर्यटक सहसा जागचे हलत नाहीत, कारण त्यांना पुढे शीआनला जाऊन मातीचे सैनिक बघायचे असतात. आम्ही मात्र मुद्दाम या शहरासाठी आलो होतो. मी मूळची सोलापूरची. युद्धात चीनच्या मदतीला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव लहानपणापासून ऐकलेलं, त्यांचं घर आणि आता तिथे असलेलं स्मारकही पाहिलेलं. त्यांची समाधी ज्या शहरात आहे, तिथे एकदा जायचंच हे खूप वर्षांपासून मनात होतं.

शिजियाझुआंग ही हबेई प्रांताची राजधानी, पण तो मानही तसा अलीकडचा, १९६८ पासूनचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एक खेडं होतं. जवळच हुतुओ नदी आहे आणि नदीच्या पलीकडे झेंगदिंग हे जुनं, तटबंदीचं, मोठ्या इतमामाचं गाव. बीजिंगहून हान्कौला जाणारी रेल्वे इथून गेली. त्या रेल्वेला ताइयुआनचा फाटा जोडायचा ठरला, तेव्हा तो झेंगदिंगहून निघणार होता. मग नदीवर पूल बांधण्याचा खर्च वाचवण्यासाठी जंक्शन अलीकडच्या खेड्यात आलं. १९०७ मध्ये तो मार्ग पुरा झाला आणि खेड्याचं नशीब पालटलं. आपल्या मनमाडची वस्ती कोटभर व्हावी, तसं हे शहर आहे. शहर म्हणून ते देखणं नाही, हे आधीच सांगते. रुंद रस्ते, उंच इमारती, औषधांचे कारखाने आणि हिवाळ्यात खराब हवा. पण जंक्शन अलीकडे झालं म्हणून पलीकडचं झेंगदिंग पुष्कळसं शाबूत राहिलं आणि त्याचा फायदा आज आपल्याला मिळतो.

आधी समाधीबद्दल. उत्तर चीन लष्करी हुतात्मा स्मारक हे मोठं उद्यानच आहे, प्रवेश विनामूल्य. मेट्रोच्या १ क्रमांकाच्या लाइनवर ‘लिएशी लिंगयुआन’ स्टेशनला उतरायचं. रेल्वे स्टेशनवरून येत असाल तर ३ नंबरची लाइन धरून ‘शिनबाय ग्वांगचांग’ला बदला, तिथून पुढचंच स्टेशन. त्याच्याही पुढचं स्टेशन ‘हपिंग यियुआन’, म्हणजे शांतता रुग्णालय. त्याच युद्धात चीनच्या मदतीला आलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं नाव असलेलं हेच ते रुग्णालय. बेथ्यून १९३९ मध्ये गेले आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस नेमले गेले. अर्थात तेव्हाचं रुग्णालय म्हणजे डोंगराळ खेड्यांतून युद्धासोबत हलणारं. आजच्या इमारती बघून त्याची कल्पना येत नाही.

१९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला निघालं. पथकाचे प्रमुख डॉ. अटल. सोबत डॉ. मुखर्जी, डॉ. बसू, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांत दोघं आपल्याकडचे. चोळकरांचं नाव आपण पार विसरून गेलो, याचं मला फार वाईट वाटतं. बाकीचे टप्प्याटप्प्याने मायदेशी परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, सैन्यात सामील झाले, तिथल्याच ग्वो चिंगलान या परिचारिकेशी १९४१ मध्ये लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. मृत्यू हबेईतल्याच तांग परगण्यातला. पुढे अवशेष या स्मारकात आणले गेले.

समाधीजवळ त्यांचा पूर्णाकृती पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा समाधीपाशी पिवळी-पांढरी शेवंती ठेवलेली होती, काही गुच्छ अगदी ताजे. आम्हीही शेवंतीच घेऊन गेलो होतो. नातवाला घेऊन आलेले एक आजोबा थबकले. आम्ही ‘यिन्दू’, म्हणजे भारत, म्हटल्यावर त्यांनी पुतळ्याकडे हात करून ‘क दिहुआ’ असा कोटणीसांच्या चिनी नावाचा उच्चार केला, नातवाला काहीतरी समजावलं आणि त्याला वाकून नमस्कार करायला लावला. मला तिथे रडू आवरलं नाही. प्रदर्शनाच्या दालनात जुनी छायाचित्रं आहेत. ती सावकाश बघा, एक तास तरी हाताशी ठेवा. एप्रिलच्या ४-५ तारखेच्या सुमारास चिंगमिंग असतो, पूर्वजांची आठवण करायचा दिवस. तेव्हा इथे खूप गर्दी होते. शांतपणे दर्शन घ्यायचं असेल तर ते दिवस सोडून जा.

त्याच लाइनवर पूर्वेकडे ‘बोवुयुआन’ स्टेशनला हबेई संग्रहालय आहे. सोमवारी बंद. प्रवेश विनामूल्य, पण नोंदणी लागते, पासपोर्ट जवळ हवाच. १९६८ मध्ये मानचंगच्या डोंगरात हान काळातला राजा लिऊ शंग आणि त्याची राणी यांच्या कबरी सापडल्या. त्या दोघांचे जेड या मौल्यवान दगडाचे कफन-पोशाख इथे आहेत. राजाच्या पोशाखात जेडचे २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने शिवलेले आहेत. त्याहून मला आवडला तो राणीच्या कबरीतला कांस्याचा दिवा. गुडघ्यांवर बसलेली दासी हातात दिवा धरून आहे आणि तिची बाही हेच धुराडं, काजळी तिच्या पोकळ अंगात जाते. उजेड हवा तेवढा आणि हवा त्या दिशेला सोडायची सोयही त्यात आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणा कारागिराने एवढा विचार केला. (या दालनासाठी गर्दीच्या आधी, सकाळीच पोहोचा.)

दुसरा अख्खा दिवस झेंगदिंगला द्या. शहराच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटर. बस जातात, पण मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी सोपी पडते. लोंगशिंग मंदिर ५८६ मधलं, त्या साली कोरलेला शिलालेख अजून आवारात उभा आहे. मुख्य आकर्षण म्हणजे ९७१ मध्ये ओतायला घेतलेली अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची कांस्यमूर्ती, उंची वीस मीटरच्या वर. मूळचे बरेच कांस्याचे हात नाहीसे झाले, त्या जागी आता लाकडी आहेत. अवलोकितेश्वर आपल्याला परका नाही. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो अकरा मस्तकांचा आहे, अजिंठ्याला हातात कमळ घेऊन उभा आहे. कान्हेरी पाहिलेल्या माणसाने इथे यावं असं मला अगदी मनापासून वाटतं. तीच करुणा हजारो मैल चालून आल्यावर कशी दिसू लागली, ते इथे समजतं.

पण बहुतेक लोक मोठी मूर्ती बघून निघतात आणि मोनी दालनाच्या मागे जातच नाहीत. १०५२ मधलं हे लाकडी बांधकाम. आत समोर बुद्ध आहेत. त्यांना वळसा घालून मागच्या भिंतीपाशी या. तिथे रंगीत मातीच्या डोंगरात अवलोकितेश्वर बसला आहे, तोंड उत्तरेकडे. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकलेला, हात गुडघ्यावर गुंफलेले, अंग किंचित पुढे झुकलेलं. कुणीतरी आपलं म्हणणं ऐकायला निवांत बसावं, तशी ती बैठक. उजेड कमी असतो. डोळे सरावेपर्यंत तिथेच थांबा.

गावात चार जुने मनोरे आहेत, सगळे पायी होतात. वेळ कमी असेल तर लिन्जी मंदिराचा चुकवू नका, कारण जपानमध्ये रिन्झाई नावाने पोहोचलेल्या झेन परंपरेचे मूळ गुरू नवव्या शतकात इथलेच.

खाण्याचं : गावात उलट्या घातलेल्या रांजणाच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेली तिळाची रोटी मिळते. गरमच खा, वरचा पापुद्रा कुरकुरीत आणि आत पदर सुटलेले. नुसती मागा, कारण आत मांस भरून द्यायची पद्धत आहे. या भागात गाढवाचं मांस भरलेली रोटीही सर्रास खातात. शाकाहारी असाल तर ‘वो छ सू’ हे चिनी लिपीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स जवळपास कुठेही मिळतात. अंडंही चालत नसेल तर थेपले, चिवडा, खाकरा बरोबर हवाच.

तिसरा दिवस असेल तर झाओ परगण्यातला झाओजोऊ पूल बघा, आग्नेयेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ली चुन नावाच्या कारागिराने ६०५ च्या सुमारास पुरा केलेला, ३७ मीटर गाळ्याची एकच चपटी दगडी कमान. दोन्ही टोकांना मुख्य कमानीवर दोन-दोन छोट्या कमानी ठेवल्या आहेत. त्यामुळे पुलाचं वजन घटलं आणि पुराच्या पाण्याला वाटही मिळाली. दोन दिवसच असतील तर पूल सोडा, झेंगदिंग सोडू नका.

आता कामाच्या गोष्टी. भारतीयांना व्हिसा लागतोच, २४० तासांची विनाव्हिसा सवलत आपल्या पासपोर्टला नाही. भारतातून चीनला थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत. बीजिंगचं थेट विमान मिळालं नाही तरी दक्षिणेतल्या ग्वांगजोऊहून हायस्पीड रेल्वे याच मार्गाने वर येते. सगळा व्यवहार मोबाइलवर चालतो. अलीपे हे पैसे भरायचं अ‍ॅप घरूनच सुरू करा, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडा आणि बँकेत परदेशी वापर चालू करून घ्या. २०० युआनपर्यंतच्या खर्चावर जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के. गुगल चालत नाही. भारतातून घेतलेल्या रोमिंगवर बऱ्याचदा चालतं, तरी चिनी नकाशाचं अ‍ॅप घेऊन ठेवा.

हॉटेल बुक करताना परदेशी पाहुणे घेतात का, हे आधी विचारा. मोठ्या शहरांपेक्षा इथे हा प्रश्न जास्त येतो. एका हॉटेलात नोंदणी जमेना म्हणून आम्हाला रात्री दुसरीकडे जावं लागलं. मेट्रोच्या १ नंबर लाइनजवळ मुक्काम ठेवला की बहुतेक सगळं सोपं होतं. हवामानासाठी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, पण १ ते ७ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी टाळाच, गाड्या भरलेल्या असतात. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्ट क्रमांकावरच निघतात. वेगळा कागद लागत नाही, पण फाटकातून जाताना पासपोर्ट दाखवायला माणूस असलेली रांग धरा. सुरक्षा तपासणीत वेळ जातो, तेव्हा गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनवर असा.