तुम्ही विचारलंत म्हणून: गालातला कॅन्सर मानेत जातो कसा?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन गालात न भरणारी जखम झालेल्या माणसाच्या अहवालात मानेच्या गाठीतही कॅन्सर असल्याचे निघाले, की घरचे लोक विचारतात, "डॉक्टरसाहेब, गालातला रोग मानेत गेला कसा जी? तुकडा काढला म्हणून तर नाही न?"

तपासणीसाठी तुकडा काढल्यामुळे रोग मानेत उतरतो, याला पुरावा नाही; तपासणी लांबवली तर मात्र रोगाला वेळ मिळतो. खरे उत्तर असे की पेशी स्वतःच चालते, आणि तिला चालवणारी यंत्रणा तिच्या आतल्या सांगाड्यात असते.

हा सांगाडा तीन प्रकारच्या प्रथिन-तंतूंचा असतो: सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचे ॲक्टिन, सुमारे 10 नॅनोमीटरचे मध्यम तंतू आणि सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ सूक्ष्मनलिका. चालण्याचे मुख्य काम ॲक्टिनचे. लग्नाच्या मांडवाचे मागचे खांब उपटून पुढे रोवत गेल्यास मांडव जसा सरकेल, तसे ॲक्टिनचे तंतू मागे सुटत आणि पुढे जुळत राहतात. पुढच्या कडेला जुन्या तंतूला सुमारे 70 अंशांच्या कोनात नव्या फांद्या फुटतात, त्यांच्या रेट्याने पेशीचे आवरण पुढे ढकलले जाते, इंटेग्रिन नावाची प्रथिने पेशीबाहेरच्या तंतूंच्या जाळ्याला धरून ठेवतात आणि मायोसिन हे ॲक्टिनला ओढणारे प्रथिन मागचा भाग ओढून घेते. विळ्याने कापलेले बोट भरून येते तेव्हा कातडीच्या पेशी याच रीतीने जखमेवर सरकतात. म्हणजे कॅन्सरने ही चाल नव्याने शोधलेली नाही, फक्त थांबण्याचा हुकूम मानणे सोडले आहे.

गालाच्या अस्तरातील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने शेजारणींना धरून असतात, आणि ही पकड आतून ॲक्टिनला जोडलेली असते. कॅन्सरच्या काही पेशींत ही पकड सैल होते, केराटिनच्या मध्यम तंतूंबरोबर किंवा त्यांच्या जागी व्हिमेंटिनचे तंतू येतात, आणि पेशी सुटी होऊन वाट काढू लागते. (हे तंतू ओळखणारी खास रंजने आमच्याकडे होत नाहीत, गरज पडली की मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, नागपूरला पाठवावा लागतो.) सगळ्याच पेशी एकट्या निघतात असे मात्र नाही, पुष्कळदा एकमेकींना धरून झुंडीनेही जातात. काचपट्टीवर गालातल्या गाठीची कड सलग आणि रुंद दिसली तर मला थोडे हायसे वाटते. चार-पाच पेशींचे पुंजके स्नायूत विखुरलेले दिसले की चिंता वाटते. रोग किती खोल शिरला, हेही मी मोजतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणापासून तोंडाच्या कॅन्सरचा टप्पा ठरवताना ही खोली धरली जाते, आणि ती 5 मिलिमीटरच्या पुढे गेली की लहान दिसणारी गाठही पहिल्या पायरीवर राहत नाही.

वाटेतले दाट जाळे पेशी ॲक्टिनच्या बारीक खुंट्या रोवून आणि तेथे विकरे (एन्झाइम) सोडून विरघळवते. फटीतून जाताना अडतो तो बहुधा पेशीचा केंद्रक, कारण पेशीतला सर्वांत मोठा आणि ताठ भाग तोच. एकदा लसिकावाहिनी, म्हणजे लसिका हा पातळ द्रव मानेतल्या गाठींकडे नेणारी बारीक नळी, गाठली की पुढे मानेतली गाठ (लसिकाग्रंथी) फार लांब नसते.

"मग हा सांगाडाच मोडणारे औषध नाही का?" आहे, एका अर्थाने. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधे सूक्ष्मनलिका जुळू देत नाहीत; तोंडाच्या कॅन्सरमध्येही वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल उलट त्यांना सुटू देत नाही. दोन्हींचा भर पेशीचे विभाजन अडवण्यावर आहे. मज्जातंतूंच्या लांब धाग्यांतली वाहतूक सूक्ष्मनलिकांवरूनच चालते, म्हणून या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात. आणि सदाफुलीची पाने चघळून हे औषध मिळत नाही, उलट विषबाधा होऊ शकते, हे मला दरवेळी बजावून सांगावे लागते. थेट ॲक्टिन मोडणारे कॅन्सरचे औषध अजून वापरात नाही, कारण रुग्णाच्या हृदयाचे आकुंचनही ॲक्टिनवरच चालते.