भिंतीपलीकडची सिरियल आणि पिक्चरचं बॅकग्राउंड म्युझिक

आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगच्या भिंती नावालाच भिंती आहेत, शेजारच्या काकूंनी संध्याकाळी सिरियल लावली की ती आमच्याही हॉलमध्ये सुरू होते, फक्त चित्र नसतं. डायलॉग नीट कळत नाहीत पण म्युझिक सगळं कळतं. ढँण् ढँण् ढँण् असं तीनदा वाजलं की समजायचं कोणीतरी दाराआडून काहीतरी ऐकलंय आणि कॅमेरा आता सगळ्यांच्या तोंडावरून फिरतोय. बासरी आली म्हणजे सून बिचारी रडतेय. मी न बघता सांगतो की आता खलनायिका आली, आणि बायको वाटी परत द्यायच्या निमित्ताने काकूंकडे जाऊन कन्फर्म करून येते. बहुतेक वेळा बरोबरच असतं.

याच्या बरोबर उलटं ठाणे-वाशी लोकलमध्ये होतं. बाजूचा माणूस मोबाईलवर पिक्चर बघतोय, इयरफोन त्याच्या कानात, आणि आपण लाज सोडून डोकावतोय (सगळेच डोकावतात, उगाच साळसूदपणा नको). असा एक हॉरर मी ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत बघितला, एक बाई अंधाऱ्या घरात हळूहळू चालतेय, कपाट उघडतेय, मागे वळून बघतेय, आणि मला सगळा वेळ वाटत होतं की हिची चावी हरवलीय. शेजारचा मात्र घाबरून बसलेला! चित्र तेच, भीती सगळी त्याच्या कानात.

तेव्हापासून पिक्चर बघताना मी म्युझिक कुठे सुरू होतं आणि कुठे मुद्दाम नसतं याच्याकडे लक्ष द्यायला लागलो. मला वाटतं खरी करामत तिथेच आहे, चाल किती भारी हा त्यानंतरचा प्रश्न.

स्पीलबर्गचा शार्कवरचा 'जॉज' (१९७५) घ्या. संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर सगळ्यांना माहितीयेत. शूटिंगमध्ये तो मशीनचा शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा, म्हणून पिक्चरमध्ये बराच वेळ शार्क दिसतच नाही, ते दोन सूरच शार्कचं काम करतात. पण गंमत पुढे आहे. दोन पोरं पुठ्ठ्याचा खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात, किनाऱ्यावर पळापळ होते, आणि तिथे ते म्युझिक वाजतच नाही. म्हणजे म्युझिक खोटं बोलत नाही, सूर आले तरच शार्क. आपला त्याच्यावर विश्वास बसतो, आणि मग बोटीवर पोलीस चीफ पाण्यात आमिष टाकत बसलेला असताना कसलीही सूचना न देता तो भलामोठा जबडा वर येतो. आधी इमानदारीने विश्वास कमावला म्हणून हा दगा चालतो. आपल्याकडे प्रत्येक मांजरीच्या उडीला धडाम वाजवतात, मग खरं भूत आलं तरी आपण पॉपकॉर्न खात बसतो.

पण माझा सगळ्यात आवडता प्रसंग 'पथेर पांचाली'मधला (१९५५). हरिहर कित्येक दिवसांनी घरी येतो, घराची दशा झालीय, आणि मुलगी दुर्गा गेलीय हे त्याला माहितीच नाही. तो उत्साहात एकेक वस्तू काढून दाखवतोय आणि बायको सर्वजया गप्प. मग तो दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो आणि तिचा बांध फुटतो. तिचं तोंड उघडलेलं दिसतं पण रडण्याचा आवाज येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई वाजते, म्हणजे इसराज या तंतुवाद्याला कर्णा लावलेलं वाद्य, एकदम वरच्या पट्टीत. सत्यजित राय तिचं खरं रडणं ठेवू शकले असते, पण मग ते एका बाईचं रडणं राहिलं असतं. इथे तो आवाज माणसाचा आहे की वाद्याचा हेच क्षणभर कळत नाही आणि अंगावर काटा येतो. आणि हे पार्श्वसंगीत रविशंकरांनी जवळपास एका बैठकीत, अकराएक तासांत उरकलं होतं, तेही सगळा पिक्चर न बघता!

'शोले'त राधा रात्री एकेक दिवा विझवते आणि जय व्हरांड्यात माउथ ऑर्गन वाजवतो (वाजवणारे भानू गुप्ता), दोघं बोलत नाहीत पण आपल्याला सगळं कळतं. यावर सगळ्यांनी लिहून झालंय, मी थांबतो.

'सैराट'ला (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुलनी हॉलिवूडला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, थिएटरमध्ये लोक नाचले, पैसे उधळले, आणि शेवटी त्या लहान पोराची पावलं उमटतात तेव्हा आवाज शून्य. आधी एवढं वाजवलं नसतं तर ती शांतता एवढी लागली नसती असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या कोणी तिथे व्हायोलिन लावले असते आणि आपण रुमाल काढून, डोळे पुसून, मोकळे होऊन घरी गेलो असतो.

आणि 'फँड्री'. त्यातल्या एका प्रसंगात तर म्युझिक बाहेरून लावलेलंच नाही, शाळकरी पोरगा जब्या आणि त्याचं कुटुंब डुकराच्या मागे पळतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. जे राष्ट्रगीत आपण इतक्या वेळा ऐकलंय ते इथे वेगळंच ऐकू येतं, ते म्हणणारी पोरं आणि डुकरामागे धावणारा पोरगा एकाच गावातले, एकाच शाळेतले. मी वाशीला बघितला तेव्हा पुढच्या रांगेतले एक काका पटकन उभे राहिले, त्यांचं बघून अजून दोघं-तिघं, मागून कोणीतरी ओरडलं 'ओ काका बसा, पिक्चरमधलं आहे', काका म्हणाले 'मग काय झालं', आणि पुढचा सीन सुरू झाला तरी मागे दोघांची कुजबुज चालूच होती की उभं राहायचं असतं का नाही.