कापलेल्या पराचा डॉल्फिन

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. तिथल्या उथळ, गढूळ पाण्यात कुबडवाले डॉल्फिन बोयसारख्या माशांच्या मागावर फिरतात. खोल समुद्रात न जाता ते किनारा धरून राहतात आणि नेमक्या त्याच पट्ट्यात मच्छीमारांची जाळी व पर्यटकांच्या होड्या असल्यामुळे धोकाही तिथेच वाढतो. ही जात जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे. पण सिंधुदुर्गाच्या पाण्यात ते किती उरले आहेत, हे नुसते पाहून सांगता येत नाही. श्वासापुरती पाठ वर येते आणि दुसऱ्या क्षणी ती कुठे गेली ते कळत नाही.

म्हणून आम्ही पाठीवरच्या पराचे फोटो घेतो. पराच्या मागच्या कडेवरच्या खाचा वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे प्राणी ओळखता येतो. ओरखडे मात्र भरून येतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही. समजा, पहिल्या खेपेस ४० प्राणी ओळखले, दुसऱ्या खेपेस ५०, आणि त्यांतले २० दोन्ही वेळा आढळले, तर पहिल्या खेपेचे ४० हे एकूण संख्येच्या पन्नासात वीस या प्रमाणात आहेत असे धरायचे: ४० गुणिले ५० भागिले २०, म्हणजे खुणा असलेले सुमारे १०० प्राणी असावेत. कळपात खुणा असलेल्यांचे प्रमाण ६० टक्के असेल, तर एकूण अंदाज १६७ च्या आसपास जातो.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मतलई वारा पडला होता आणि वेंगुर्ल्यासमोर समुद्र अगदी सपाट होता. एक कळप संथपणे दक्षिणेकडे चालला होता. मी कॅमेऱ्यातून पाहत असतानाच आमची होडी चालवणारे तांडेल म्हणाले, "ताई, हो आदी देवबागाक दिसलेलो." पराचे टोक तिरपे कापलेले आणि त्याखाली दोन खोल खाचा. आयुष्य समुद्रावर घालवलेल्या माणसाची नजर मी कधीच हलक्यात घेत नाही, तरी त्यांच्या शब्दावर नोंद करून चालणार नव्हते.

देवबागचे आणि वेंगुर्ल्याचे डॉल्फिन वेगळे मानावेत की एकच, हा प्रश्न आमच्यासमोर तोवर खुला होता. वेगळे मानून दोन्ही अंदाजांची बेरीज केली असती, तर इकडून तिकडे ये-जा करणारा प्राणी दोनदा मोजला गेला असता. संध्याकाळी सहकाऱ्याला ठिकाण व तारीख न सांगता फोटो दिले. त्याने डाव्या आणि उजव्या बाजूचे फोटो स्वतंत्रपणे जुळवले, आणि दोन्हीकडून उत्तर एकच आले: हा देवबागला दिसलेलाच डॉल्फिन. त्याच कळपातल्या आणखी काही परांची जुळणी देवबागच्या सूचीत सापडली.

एक जुळणी निसटली तरी आकडा फुगतो: वरच्या उदाहरणात २० ऐवजी १९ धरले, तर १०० चे १०५ होतात. फुगलेला आकडा मला सर्वांत जास्त घाबरवतो. मादी दोन-तीन वर्षांतून जेमतेम एक पिल्लू देते. जाळ्यात अडकून थोडेसेच प्राणी जास्त मेले, तरी ती तूट भरून यायला फार काळ लागतो, आणि कागदावर कळप मोठा दिसत असेल तर ती तूट कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्या रात्री आम्ही दोन्ही ठिकाणच्या सूची एकत्र केल्या आणि पुढच्या हंगामासाठी देवबाग ते वेंगुर्ला हा सगळा पट्टा एकच क्षेत्र धरून मार्ग आखले. अहवालात एकच आकडा न देता किमान व कमाल मर्यादा द्यायची आणि संरक्षणाचे निर्णय खालच्या मर्यादेवर घ्यावेत अशी शिफारस करायची, हेही तेव्हाच ठरले.