लेबल नसलेलं कार्ट्रिज

लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या टेबलावर रत्नागिरीचे एक गृहस्थ करड्या रंगाचं गेम बॉयचं (निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेम कन्सोलचं) कार्ट्रिज ठेवून बसले होते. वडिलांच्या मस्कतच्या ट्रंकेत सापडलेलं. लेबल सोलून गेलेलं, नुसता गोंदाचा डाग उरलेला. "एक बेट होतं, किनाऱ्यावर तलवार सापडायची, एवढंच आठवतं," ते म्हणाले. "नाव सांगा आणि बॅटरी बदलून द्या."

बॅटरीला मी आधी हातच लावला नाही. अशा कार्ट्रिजमध्ये सेव्ह केलेला खेळ छोट्या रॅममध्ये असतो आणि तो त्या नाण्याएवढ्या बॅटरीवरच जगतो. ती उपसली की तीस वर्षांपूर्वीचं पोर पुसलं गेलं म्हणून समजा. मळलेल्या कॉन्टॅक्टवर कन्सोल चालू करणंही धोक्याचं. म्हणून कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बत्तीसही पिना पुसल्या आणि कार्ट्रिज रीडरला लावलं.

गेम बॉयच्या प्रत्येक कार्ट्रिजच्या सुरुवातीला त्याची ओळख लिहिलेली असते: ४८ बाइटांचा निन्टेन्डोचा लोगो (तो जुळला नाही तर कन्सोल पुढे जातच नाही), मग खेळाचं नाव, मग आतल्या चिपांचा प्रकार आणि मेमरी. स्क्रीनवर पाच इंग्रजी अक्षरं आली: झेल्डा. खेळ साठवणारी रॉम ५१२ केबी, रॅम ८ केबी, सोबत बॅटरी, रंगीत कन्सोलची खूण नाही. म्हणजे १९९८ची रंगीत आवृत्ती नव्हे, झेल्डा मालिकेतला १९९३चा मूळ 'लिंक्स अवेकनिंग'.

रॅमची प्रत कॉम्प्युटरवर उतरवली, दोनदा वाचून ताडून पाहिली, आणि मगच कार्ट्रिज गेम बॉयमध्ये घातलं. सेव्ह जिवंत होता! पहिल्या रांगेत नाव होतं: थीफ.

गृहस्थांचा चेहरा उतरला. "हे धाकट्याचं काम. माझं नाव खोडून त्याने चोर लिहिलं होतं. त्यासाठी मी त्याला बेदम मारलं होतं."

मी विचारलं, "खेळातल्या गावच्या दुकानातून काही उचललं होतं का तुम्ही?"

"धनुष्य. ९८० रुपी कुठून आणणार? दुकानदाराची पाठ वळली की पळालो. नंतर आत गेलो तर त्याने मारूनच टाकलं."

या खेळात चोरी केली की खेळच तुमचं नाव बदलून थीफ करतो, कायमचं. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या पाच अक्षरांकडे बघत राहिले.

मी ३.८ मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हर बिटने केस उघडली, नवी बॅटरी सोल्डर केली आणि सेव्ह परत भरला. एवढ्यात ते फोन घेऊन दाराबाहेर गेले होते. आतून मला एकच वाक्य ऐकू आलं, "अरे, तू नव्हतंस ते लिहिलं."