आणि गुडघे?

संक्रांतीची हळदीकुंकवं आणि मुंबई मॅरेथॉन दोन्ही जानेवारीतच येतात, त्यामुळे हा प्रश्न मला वाण घेता घेता हमखास विचारला जातो. "वहिनी, बेचाळीस किलोमीटर धावलात म्हणे! आणि गुडघे?" विचारणारी बहुधा माझ्याच वयाची, म्हणजे पंचावन्न ओलांडलेली असते. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात वाण, मागे पुढच्या बाईची घाई. तिथे सविस्तर सांगणं होत नाही. म्हणून हे लिहिते.

गुडघे आहेत, दोन्ही चालू आहेत, डावा जरा कुरकुऱ्या आहे. पण तो धावल्याने बिघडलेला नाही. ऐन पावसाळ्यात इमारतीच्या ओल्या जिन्यावर पाय सरकला, अंग वळलं, पाऊल तिथेच राहिलं आणि सांध्यातली गादी, जिला मेनिस्कस म्हणतात, ती फाटली. त्या काळात मी लोकल पकडायलासुद्धा धावत नव्हते.

एमआरआय पाहून एका डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालू नका, जिने टाळा, धावणं तर विसराच. माझी फिजिओथेरपिस्ट मात्र वेगळ्याच सुरात बोलली. वयाने माझ्या मुलीएवढी. म्हणाली, "काकू, गुडघ्याला आराम देऊन भागणार नाही, मांडीला कामाला लावा." चाळिशीनंतर झिजेतून होणाऱ्या अशा फाटीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा व्यायाम सहसा कमी पडत नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. माझी फाट निम्मी झिजेची आणि निम्मी जिन्याची होती. मग भिंतीला पाठ टेकून अधांतरी खुर्ची करणं, पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, चवड्यांवर उभं राहणं, कुशीवर पडून गुडघा उघडणं-मिटणं. यात सांगण्यासारखं रोमांचक काहीही नाही. रात्रीच्या मालिकेच्या वेळात उरकायचे. मालिका बदलल्या, व्यायाम तेच राहिले.

आता गुडघे झिजण्याबद्दल. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडलं की ती दाबली जाते, उचललं की सैल होते, आणि या दाबण्या-सुटण्यात भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळतं. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या लोकांत १०.२ आणि स्पर्धेच्या पातळीवर धावणाऱ्यांत १३.३. हे आकडे मला पाठ आहेत आणि मी ते ऐकवतेही. पण त्यांत एक मेख आहे. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं सोडतात आणि बैठ्यांत जमा होतात. धावल्याने गुडघे टिकले की गुडघे टिकले म्हणून माणसं धावत राहिली, हे त्यातून सुटत नाही. शिवाय माझा गुडघा मुळात फाटलेला. मी त्यातून एवढंच घेतलं की बेताने धावणं हे गुडघ्याला विष नव्हे.

गुडघा जरा वळणावर आला आणि टाच गेली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकलं की खिळा रुतावा तशी कळ. तळव्याचा पडदा सुजला होता, आणि त्याचं मूळ आखडलेल्या पोटऱ्यांत होतं. उशिरा धावायला लागणाऱ्यांचं इथेच फसतं. दम आणि स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण कंडरा आणि हाडं महिने मागतात. छाती म्हणते चल, आणि पाय अजून तयार नसतात. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणला होता, तो कपाटात राहिला. शर्यत मी टीव्हीवर पाहिली, तीही चहा पीत, पाय बर्फाच्या बाटलीवर ठेवून.

मुंबईत तयारी करणं हा एक वेगळाच छळ आहे. जानेवारीत धावायचं तर सुरुवात जुलैत करावी लागते. म्हणजे आधी पाऊस, तुंबलेलं पाणी, आणि पायाला बारीकशी जखम असली तरी लेप्टोच्या तापाची धास्ती. पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरचा उकाडा. बरी हवा म्हणावी ती दिवाळीनंतर, तेव्हा निम्मी तयारी होऊन गेलेली असते. मी दादरची, त्यामुळे शिवाजी पार्क हक्काचं. आतली माती पायाला बरी, नाकाला नाही. बाहेर कट्ट्याच्या कडेने धावलं तर आजोबांच्या गप्पांचे घोळके चुकवावे लागतात. पेव्हर ब्लॉकबद्दल मी काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. शेवटी जी मॅरेथॉन मी केली, ती सलग धावत पूर्ण केली नाही, मधे मधे मोजून चालत पूर्ण केली. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. ही पद्धत जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने रूढ केली, जो स्वतः १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये धावला होता. यातली अट अशी की दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. गुडघ्याला आणि टाचेला दर काही मिनिटांनी वेगळा भार मिळतो आणि मोडकी चाल सुरू व्हायला वेळ लागतो.

कागदावर सोपं आहे. पण पहाटे अंधारात सीएसएमटीहून सुटून पाचव्या मिनिटाला सगळी गर्दी अंगावरून पुढे जात असताना चालायला लागून बघा. मरीन ड्राइव्हवर एक मुलगा कळवळून ओरडला, "आंटी, गिव्ह अप मत करो!" अजून मुंबई नीट उजाडलीही नव्हती. सी लिंकवर मात्र बघे नसतात, एरवी तिथे पायी फिरकूही देत नाहीत, त्यामुळे तिथे मी निवांत माझं मिनिट चालले. परतीला माहीम, मग कॅडल रोड. तिथे नणंद खारवलेले उकडलेले बटाटे आणि खजूर घेऊन उभी होती. (तिळगूळ नको म्हणून आधीच बजावलं होतं. गूळ चालतो, पण तिळाचं तेल पोटात जड पडतं.) तीही म्हणाली, "अगं, चालतेस काय, धाव की!"

शरीरात साठवलेली साखर साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. नंतर पाय आपले राहत नाहीत. आणि बरोबर त्यानंतर, ऊन चढल्यावर, पेडर रोडचा चढ येतो. जाताना हाच रस्ता अंधारात लागला होता तेव्हा चढ असा जाणवलाच नव्हता. तिथले रहिवासी संत्र्याच्या फोडी घेऊन फुटपाथवर उभे असतात, त्यांचं भलं होवो. त्या चढावर मात्र सगळेच चालत होते, पहाटे मला मागे टाकून गेलेले पुष्कळसे तरुणही. माझं अजून चार-एक चालू होतं, फक्त चारची तीन झाली होती.

वेळ सांगत नाही, सहा तासांच्या वर गेली एवढंच. माझा भाचा म्हणतो, "मावशी, मग हे धावणं कसलं?" मी त्याला ४२.१९५ हा आकडा दाखवते. त्या अंतरात कसं जायचं हे कुठे लिहिलेलं नाही. तो अजून दहा किलोमीटरच्या पलीकडे गेलेला नाही, हेही जाता जाता सांगते.

तर, तुम्हाला जमेल का, हा न विचारलेला प्रश्न. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. नसेल तर दुखण्याला दहापैकी गुण द्या. दोन-तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नसेल तर चालू ठेवा. सकाळी वाढलेलं असेल तर तो दिवस व्यायामाचा, धावण्याचा नाही. आम्ही काहीजणी रविवारी साडेपाचला पार्कात मीनाताई ठाकऱ्यांच्या पुतळ्यापाशी जमतो. बूट घालून या, चपला नकोत. नऊवारीत धावायचं असेल तर आमची हरकत नाही.