परसात करवंद, तोरण, आंबगूळ लावलं, त्याचा माझा अनुभव

आमच्याकडे घराभोवती हापूस, काजू, माड, पोफळी सगळं असतं, पण करवंदाची जाळी कोणी मुद्दाम लावत नाही. ती सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळावर, असतेच असं सगळ्यांनी धरलेलं. आता तसं धरून चालत नाही हो. आम्ही राजापूर तालुक्यातले, आमच्या वाडीच्या वरचा अर्धाअधिक सडा कलमांच्या बागांसाठी जेसीबी लावून साफ झालाय, करवंदाच्या जुन्या जाळ्या मुळासकट उपटून ढीग केले आणि पेटवून दिले. वर दरवर्षीचे वणवे आहेतच. मे महिन्यात मुंबईची पोरं आली की करवंदं बाजारातून पानांच्या खोल्यातली (द्रोणातली) विकत आणायची, हे मला फार लागलं. म्हणून ठरवलं की परसात जागा आहे तर आपली रानमेव्याची झाडं आपणच लावायची.

आधी नर्सरीत चौकशी केली. तिथे करवंद म्हणून जे रोप दाखवतात ते बऱ्याचदा मोठ्या, पांढऱ्या-गुलाबी फळाचं असतं, त्याचं लोणचं किंवा केकवरची लाल चेरी करतात. चांगलंच आहे ते, पण आपलं डोंगरातलं काळं गोड करवंद वेगळं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' नावाची जात आहे, फळ मोठं असतं, ज्यांना जास्त फळं हवीत किंवा विकायचीत त्यांनी ती जरूर लावावी. मला मात्र आमच्याच सड्यावरची हवी होती, कारण तिथल्याही प्रत्येक जाळीची चव वेगळी असते, एखादी नुसती आंबट आणि शेजारचीच साखरेसारखी. म्हणून मे महिन्यात फिरून चवीच्या जाळ्या हेरून ठेवल्या आणि पिकून काळी मऊ झालेली करवंदं आणली.

बियांची गोष्ट नीट सांगते, कारण सगळं गाडं इथेच अडतं. वाडीतल्या काकींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गो बाय, बी वाळवत ठेवू नको हां, ताजीच टाक मातीत." अगदी खरं आहे ते. करवंदाची बी डब्यात भरून पुढच्या वर्षीसाठी ठेवण्यातली नाही, सुकली की तिची उगवण झपाट्याने जाते. जांभळाचं पण तसंच, खाल्ल्यावर आठवडाभरात बी मातीत गेली तर उत्तम. करवंद बोटांनी पिळलं की आत चार-पाच चपट्या तपकिरी बिया गराला चिकटून असतात, त्या गाळणीत घेऊन पाण्याखाली चोळून गर पूर्ण काढायचा, नाहीतर मुंग्या लागतात आणि बुरशी येते. फळ थोडं कच्चं असेल तर पांढरा चीक बोटांना असा चिकटतो की साबणाने जात नाही, आधी खोबरेल चोळायचं मग धुवायचं. धुतलेल्या बिया सावलीत फक्त वरचं पाणी सुकेपर्यंत ठेवायच्या आणि त्याच दिवशी पेरायच्या.

काळ्या पिशव्यांना खाली भोकं पाडून लाल माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू घातली आणि बी जेमतेम अर्धा इंच खोल टाकली. पिशव्या आंब्याखाली ठेवल्या आणि वर माडाच्या चुडतांचा मांडव केला, म्हणजे मेचं ऊनही लागत नाही आणि जूनचा पहिला तडाखा सरळ अंगावर येत नाही. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसायला लागतात. पहिली पानं इतकी बारीक आणि तुकतुकीत असतात की हे पुढे काटेरी जाळी होणार असं वाटतच नाही. जांभळाच्या पिशवीत एकाच बीमधून दोन-तीन कोंब आले तर दचकू नका, जांभळाचं असतंच तसं, जोमदार कोंब ठेवायचा आणि बाकीचे कापायचे. करवंदाची फांदी मातीत खोचून सहसा लागत नाही, पावसाळ्यात गुटी बांधली (फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ-माती गुंडाळून मुळं आणली) तर जमतं, पण मला बियांचीच रोपं आवडतात, मुळं खोल जातात त्यांची.

रोपं वर्षभर पिशवीतच वाढवली आणि पुढच्या जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडून जमीन गार झाल्यावर लावली. आमचं परसू म्हणजे वर वीतभर माती आणि खाली जांभा, त्यामुळे खड्डे मेमध्येच पहारीने काढून ठेवले होते. खड्डा मारताना दगड फुटून कुठेतरी भेग लागेपर्यंत खणायचं, कारण आपल्याकडच्या पावसात खड्डा डबक्यासारखा भरून राहिला तर मूळ कुजतं. करवंदाला हलकी जमीन चालते, कातळ चालतो, साचलेलं पाणी अजिबात नाही. कुंपणासाठी हवं असेल तर दोन-अडीच फुटांवर लावा, फळांसाठी हवं असेल तर सहा-आठ फूट अंतर सोडा. मी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने दाट लावलं आणि विहिरीच्या बाजूला दोन-तीन झाडं मोकळी ठेवली. पाऊस गेल्यावर बुंध्याशी पातेऱ्याचा (सुक्या पाल्याचा) जाड थर दिला आणि पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात अधूनमधून, त्यानंतर काही नाही. फवारणी नाही, खताची गोणी नाही. कलमांना आपण किती जपतो आणि ही झाडं किती कमी मागतात, खरंच बघण्यासारखं आहे. लहान असताना शेळ्यांपासून मात्र राखावं लागतं, काटे कडक होईपर्यंत त्या शेंडे खुडतात.

तोरणाचं बी दगडासारखं टणक, लवकर उगवत नाही, पिशवीत टाकून विसरून जायचं पण माती ओली ठेवायची. ते झाड वेलीसारखं पसरतं आणि काटे उलटे वाकडे, साडी धरली की सोडत नाही, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब कोपऱ्यात लावलं. पांढरी पिठूळ तोरणं ज्यांनी खाल्लीत त्यांना वेगळं सांगायला नको.

आंबगूळ हे माझं सगळ्यात आवडतं झालंय. पानाची वरची बाजू हिरवीगार आणि उलटं केलं की चांदीसारखी चमकते, त्यावर तपकिरी ठिपके. फळं करवंदाच्या आधी, फाल्गुनाच्या सुमाराला येतात, लांबट, लाल, सालीवर बारीक पांढरट ठिपके, आंबटगोड. याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतलं नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे हलक्या मातीत पण ते छान धरतं. चढायला आधार लागतो, मी जुन्या फणसावर सोडलंय.

रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, मात्र बियांपासून लावला नाही. त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, बियांची साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात, छोट्या परसात एवढी जागा अडवून परवडत नाही. दापोलीच्या विद्यापीठाच्या 'कोकण अमृता'चं कलम आणलं. कलम घेताना एक बघा, काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची असावी. आडव्या फांदीची काडी वापरली असेल तर झाड उभं वाढत नाही, जमिनीलगत पसरत राहतं.

करवंदाला तिसऱ्या वर्षी फुलं आली. पांढरी चांदणीसारखी, फांदीच्या टोकाला घोस, आणि वास असा की संध्याकाळी मागचं दार उघडं ठेवावं. फळ नव्या फुटीच्या टोकाला धरतं, म्हणून मेअखेर फळं संपली की पावसाआधी हलकी छाटणी करते, झाड दाट होतं आणि पुढच्या वर्षी घोस वाढतात. छाटताना जाड हातमोजे घालाच, काटा जोडीने असतो आणि आत मोडला तर ठणकतो. एप्रिलमध्ये थोडी कच्ची काढून मोहरी घालून लोणचं घातलं, बाकीची झाडावरच काळी होऊ दिली. लालसर दिसली की पोरांचे हात शिवशिवतात पण पूर्ण काळं झाल्याशिवाय गोडी येत नाही. मग खळ्यात बसून कोंबडा की कोंबडी सुरू, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आमच्या शेजारच्या आजीसुद्धा त्यात हिरिरीने भाग घेत होत्या. वरच्या फांद्यांची फळं बुलबुलांना सोडते. त्यांच्या विष्ठेतून बी पडून गडग्याच्या पलीकडे आपसूक रोपं उगवलीत, ती मी काढू देत नाही कोणाला.

आता अटकाची, म्हणजे आणखी एका रानफळाची, रोपं पिशव्यांत तयार आहेत. त्यातही नर-मादी वेगळी आणि फुलल्याशिवाय ओळखू येत नाहीत, म्हणून या जूनमध्ये चार-पाच एकदम लावणार, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डे मारून ठेवलेत. राजापूर-लांज्याकडचं कोणी असेल आणि करवंदाची रोपं हवी असतील तर पाऊस सुरू झाला की घेऊन जा, जास्तीची बरीच आहेत, फक्त येताना रिकाम्या पिशव्या आणा.